आपल्या मातोश्रींच्या बिलाबाबतच्या अभिप्रायास उत्तर

मा. महोदय,

आपल्या मातोश्रींच्या निधनानंतर सांगलीतील आमच्या शुश्रूषा केंद्राने पूर्ण महिन्याचे शुल्क घेतले, अनामत रक्कम दोन महिन्यांहून अधिक काळ अडकवून ठेवली आणि बिलासाठी मृतदेह ताब्यात देण्यास उशीर केला, असे आपण लिहिले आहे. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी नाही, आणि ती आम्हाला सर्वांत जास्त लागली, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आजी ९ जूनला पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी गेल्या. डॉक्टर पावणेसातला पोहोचले. त्यांनी तपासून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचे काहीच करता येत नाही, आणि आपण अमेरिकेहून येईपर्यंत देह मिरजेच्या शवागारात ठेवायचा होता, तेथेही हाच कागद आधी मागतात. शववाहिका ८ वाजून १० मिनिटांनी निघाली. तोपर्यंत आम्ही एक रुपयाही मागितला नव्हता, कारण बिल तयारच झाले १४ तारखेला. थकीत बिलासाठी मृतदेह अडवू नये, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट म्हटले आहे. आम्हाला मात्र ते सनदेत वाचावे लागलेले नाही. तरीही फाटकाशी आमच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या मेहुण्यांना "हिशेबाचे कधी बघायचे?" असे विचारले, हे चौकशीत कळले. त्या क्षणी हा प्रश्न विचारणे अत्यंत गैर होते. त्याबद्दल मी आपल्या सर्व कुटुंबीयांची मनापासून क्षमा मागतो.

आता शुल्काविषयी. जूनचे २७,००० रुपये आपण ३ तारखेलाच भरले होते, आणि महिना सुरू झाल्यावर शुल्क परत मिळणार नाही, असे करारात कलम आहे. हे कलम मी स्वतः लिहिले होते. महिन्याच्या मध्येच अचानक आपल्या माणसाला घरी नेणाऱ्या कुटुंबांमुळे पगार आणि किराण्याचा मेळ बसत नसे, म्हणून ते घातले. जो माणूस या जगातूनच गेला त्याला ते लावले जाईल, याचा विचार मी तेव्हा केला नाही, आणि बिल करताना आमच्या कार्यालयानेही केला नाही. कागदावर सही आहे म्हणून ते योग्य ठरत नाही. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे तेथील सरकारी आरोग्य विम्याच्या, हिशेबात मृत्यूचा दिवस धरत नाहीत, असे आपण लिहिले आहे. तो नियम सांगलीत लागू नाही, पण त्यामागचा न्याय पटण्यासारखा आहे. म्हणून ८ दिवसांचे, दिवसाला ९०० प्रमाणे ७,२०० रुपये ठेवून उरलेले १९,८०० रुपये परत करत आहोत. आपली भगिनी २० तारखेला येईपर्यंत खोली बंद होती, त्याचे काहीही धरलेले नाही.

बिलात 'प्रमाणपत्र शुल्क १,००० रुपये' अशीही एक ओळ आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार हे प्रमाणपत्र डॉक्टरांनी विनाशुल्क द्यायचे असते. ती ओळ चुकीची होती. तेही पैसे परत. शेवटच्या तीन रात्री खास नेमलेल्या आयाचे २,१०० रुपये आणि औषधांचे १,३८५ रुपये मात्र कायम राहतील. ती बाई तिन्ही रात्री आजींच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून होती, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तिच्या हाताने केलेली आहे, आणि तिचे पैसे तिला मिळालेही आहेत.

अनामतीबाबत आमचा घोळ झाला. पावती आजींच्या नावाने होती, त्यामुळे कार्यालयाने सर्व वारसांचे ना-हरकत पत्र मागितले आणि आपल्या दोघा भावंडांच्या सह्या जमेपर्यंत १६ ऑगस्ट उजाडला. वास्तविक ते ५०,००० रुपये आपल्या खात्यातून आले होते, ते त्याच खात्यात परत जायला हवे होते, त्यासाठी वारसांचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न होता फक्त आजींनी वरखर्चासाठी कार्यालयात ठेवलेल्या ३,६४० रुपयांचा, कारण ते त्यांचे स्वतःचे होते. ते आणि आजींच्या वातींचा पितळी डबा, चष्मा व दोन नऊवारी साड्या भगिनींनी यादीवर सही करून नेल्या आहेत.

यापुढच्या करारात पैसे कोणी भरले आणि ते कोणाला परत द्यायचे, हे प्रवेशाच्या दिवशीच लिहून घेऊ. शुल्क निधनाच्या आदल्या दिवशी थांबेल आणि अंतिम हिशेब आपण सांगितलेल्या अमेरिकेतील नियमाप्रमाणेच ३० दिवसांत देऊ. आपले २०,८०० रुपये उद्या बँक उघडताच आपल्या त्याच खात्यात भरत आहोत आणि सुधारित बिल आपणास व भगिनींना दोघांनाही पाठवत आहोत.

आपला विश्वासू,
संचालक