आठवण नाही, कोडं

'जुन्या दूरदर्शनच्या रहस्यमालिका आज आवडतात त्या निव्वळ आठवणींमुळे,' हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. गेल्या दिवाळीत अमळनेरला भाची आली होती, वय 15. तिला मी 1993चा 'ब्योमकेश बक्षी' लावून दिला, दूरदर्शनची गुप्तहेराची मालिका. तिला कसली आलीय आठवण? पहिली दहा मिनिटं मोबाईल हातात, मग तो गादीवर पालथा. 'मामा, सांगू नको हं!' कोलकात्याची एक मेस, ती चालवणारा डॉक्टर, चार-सहा भाडेकरू, एक खून. ना पाठलाग, ना दणदणाट. गुन्हेगार याच माणसांत आहे म्हटल्यावर ती प्रत्येकाचा चेहरा वाचायला लागली. दिग्दर्शक बासू चटर्जींकडे खर्चाला पैसा बेताचाच असणार, पण त्या तुटपुंजेपणानेच गोष्ट घट्ट झाली. ब्योमकेश झालेला रजित कपूर तर आवाजही चढवत नाही.

आठवण माझ्याकडे आहे, नाही कशी! पत्र्यावर चढून वडील अँटेना फिरवायचे नि वरून ओरडायचे, 'आते उनं का?' म्हणजे आता आलं का? खाली आम्ही 'नाही, मुंग्याच!' आणि खुनी कोण हे कळायच्या ऐन वेळी लाइट गायब. दुसऱ्या दिवशी शाळेत, ज्याच्या गल्लीत लाइट होती त्याला बोरं देऊन शेवट ऐकायचा. तो लबाड दोनदा चुकीचं नाव सांगून बोरं खाऊन गेला. तेव्हा भाचीला मी शेवट सांगितला नाही, तिने तो स्वतःच ओळखला, डॉक्टर तोंड उघडायच्याही आधी.