गात नाही म्हणून?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार.

भाचीच्या शाळेत धोक्यात आलेल्या प्राण्यांची चित्रं काढायची होती. हिने आंबोलीचा भेक काढला. पिवळट अंग, वाघासारखे पट्टे, पायाखाली निळं डबकं. बाई म्हणाल्या, "ईऽऽ, बेडूक कसला काढतेस! हिरवी मुनिया काढ की, किती गोड असते." भिंतीवर मुनिया पक्षी लागले, भेक दप्तरातून घरी आला.

हिला भेक माहीत कसा? माझ्यामुळेच. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आंबोलीला गेलो होतो. रात्र, धुकं, पाऊस. दादाने ब्रेक दाबला, पण उशीरच झाला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, अंगठ्याएवढा जीव, एक पाय अजून हलत होता. सकाळी चहाच्या टपरीवरच्या पोराने फोटो पाहून सांगितलं, "हा फक्त इथलाच." जगात फक्त आंबोलीला! २००९ साली वेगळी जात म्हणून नाव मिळालं आणि आज अतिसंकटग्रस्त.

मुनियाही धोक्यात आहे, मान्य. विकायला बंदी असूनही बिचारी पिंजऱ्यात जातेच. पण धोक्याच्या यादीत भेक तिच्या दोन पायऱ्या पुढे आहे. तो सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, वीतभर डबक्यात अंडी घालतो. पावसाने चार दिवस ओढ दिली की डबकं आटलं, पिल्लं संपली. त्यातून वाचला तर आमची गाडी.

आपण नाशिककर हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला पळतो. मीही पळतो, उगाच साळसूदपणा कशाला. पण पाऊस लांबला की 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार कोणाला फिरवतात? बेडकालाच ना? आणि गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुती बुडाला की तो बेडूक 'ईऽऽ'! गरज सरो अन् वैद्य मरो.

बाईंवर तरी किती चिडू? त्या रात्री गाडीत बसताना मीच म्हणालो होतो, "चल रे, बेडूकच आहे." तो हलणारा पाय मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. भाचीला गोष्ट सांगताना माझं हे वाक्य मी गाळलं होतं.

संध्याकाळी ती तेच चित्र घेऊन बसली होती. म्हटलं, आता काय राहिलंय? तर म्हणे, "मामा, डबकं आटेल ना, पाणी वाढवतेय." निळा खडू पार नखाएवढा झालाय.