लिंक लहान करणारं एक्स्टेन्शन: एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन: असं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवणं म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देणं, लहान केलेली लिंक कधीतरी बंद पडतेच, आणि एवढ्याशा कामासाठी एक्स्टेन्शन हवंच कशाला.

किल्लीचा मुद्दा गंभीर आहे, पण तो सरसकट सगळ्यांना लागू होत नाही. लिंक लहान करायला एक्स्टेन्शनला फक्त एक गोष्ट लागते: तुम्ही बटण दाबाल तेव्हा समोर उघडलेल्या टॅबचा पत्ता. क्रोममध्ये त्यासाठी 'ॲक्टिव्ह टॅब' ही वेगळी परवानगी आहे. इन्स्टॉल करताना येणारी चौकट नीट वाचा. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाची ओळ दिसली तर तिथेच कॅन्सल करा. या कामाला एवढी मुभा लागतच नाही. आधीच बसवलं असेल तर एक्स्टेन्शनच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'मॅनेज एक्स्टेन्शन'मध्ये जा आणि साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' ठेवा. त्यानंतर बटण चालेनासं झालं, तर ते काढून टाका. आणखी एक: अपडेटनंतर जादा परवानगी हवी असेल तर क्रोम एक्स्टेन्शन आपणहून बंद करून तुम्हाला विचारतं. मालकी बदललेल्या एक्स्टेन्शनचं खरं रूप बरेचदा इथेच दिसतं, म्हणून घाईने 'हो' म्हणू नका.

लिंक बंद पडण्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. गूगलने लिंक लहान करण्याची स्वतःची सेवा २००९ मध्ये सुरू केली, २०१९ मध्ये नव्या लिंक बनवणं थांबवलं आणि जुन्या लिंक ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील असं २०२४ मध्ये जाहीर केलं. मुदत जवळ आल्यावर वापरात असलेल्या लिंक चालू ठेवायचं ठरलं, एवढाच दिलासा. म्हणून पुस्तक, प्रबंध, सरकारी अर्ज अशा ठिकाणी मूळ पत्ताच द्या. लहान लिंक मेसेजपुरती, पोस्टरपुरती ठीक. पोस्टर जास्त दिवस राहणार असेल तर स्वतःच्या डोमेनवर (स्वतःच्या नावाच्या वेब पत्त्यावर) लिंक बनवा, म्हणजे सेवा बदलली तरी छापलेला पत्ता तोच राहतो.

मग लहान लिंक हवी कशाला? मराठीत लिहिणाऱ्यांना तर जास्तच हवी. पत्त्यात देवनागरी मजकूर असेल तर कॉपी करताना त्यातलं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हांचं होतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पत्त्यात ४५. देवनागरी एसएमएसची मर्यादा ७० चिन्हांची, त्यातली निम्म्याहून जास्त जागा एका शब्दात गेली! तरीही आधी पत्त्याची शेपटी छाटून बघा. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम'ने (utm) सुरू होणारे तुकडे फक्त मोजदादीसाठी असतात, ते बिनधास्त काढा. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सगळंच उडवू नका. यूट्यूबच्या पत्त्यात व्हिडिओची ओळख तिथेच असते.

तुमच्या यादीत नसलेला, पण मला सर्वांत मोठा वाटणारा धोका वेगळाच आहे. पासवर्ड बदलण्याची लिंक किंवा 'लिंक असेल त्याला दिसेल' असं ठेवलेली फाइल कधीही लहान करू नका. लहान लिंकच्या शेवटी सहा चिन्हं असतील, तर अंक आणि लहान-मोठी रोमन अक्षरं धरून त्या सहा जागांच्या सुमारे ५,६८० कोटी जुळण्या होतात. हा आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला त्या चाचपून बघता येतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असेच लहान पत्ते तपासले आणि लोकांच्या खासगी फाइल उघड्या सापडल्या.

पाठवण्याआधी नवी लिंक प्रायव्हेट विंडोमध्ये उघडून बघा. तिथे लॉगिनचं पान आलं, तर ती ज्याला पाठवणार आहात त्यालाही बहुधा तेच दिसेल.