प्रतिकारशक्ती जनुकीय चाचणीत मोजता येते का?

सध्या फिरत असलेल्या एका मजकुराचा आशय असा: शरीरातील प्रत्येक पेशीत एकच डीएनए असतो, रोगप्रतिकारक पेशींचे काम त्यातच ठरलेले असते आणि ते कधी बदलत नाही, म्हणून एका जनुकीय चाचणीत माणसाची प्रतिकारशक्ती आयुष्यभरासाठी कळते. विधाने ओळीने मांडल्यामुळे तर्क बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही.

‘प्रत्येक पेशीत एकच डीएनए’ हे विधान बहुतेक पेशींना लागू पडते. पण ज्यांच्याविषयी हा मजकूर आहे त्या रोगप्रतिकारक पेशींपैकी बी आणि टी या पांढऱ्या रक्तपेशी मात्र त्याला ठळक अपवाद आहेत. प्रतिपिंडांच्या (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकाचे तुकडे बी पेशी घडत असताना कापून नव्याने जोडले जातात, हे शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही काटछाट करणारी रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने बी आणि टी या दोन्ही पेशींत तीच असतात. तरीही बी पेशीत प्रतिपिंडाचे जनुक पूर्णपणे जुळते आणि टी पेशीत तिच्या ग्राहीचे, म्हणजे जंतूंचे अंश ओळखणाऱ्या तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे. याचे कारण जनुकनियमनात आहे: डीएनएचा कोणता भाग हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला राहील आणि कोणता उघडा होईल, हे प्रत्येक पेशीप्रकारात वेगळे ठरते, आणि रॅग प्रथिनांना उघड्या भागावरच काम करता येते. शिवाय रॅगची जनुकेही पेशीच्या घडणीतील ठराविक टप्प्यांवरच चालू असतात.

काम कधी बदलत नाही, हा दुसरा मुद्दा. सी-ईबीपी-अल्फा हा नियामक घटक (इतर जनुके चालू-बंद करणारे प्रथिन) बळेच चालू केल्यावर बी पेशींच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, झाल्याचे २००४ मध्ये दिसले. २००७ मध्ये तर परिपक्व बी पेशींतील, त्यांची ओळख टिकवणारे पॅक्स-५ हे जनुक काढून टाकल्यावर त्या मागे फिरून पूर्वज अवस्थेत गेल्या आणि त्यांच्यापासून टी पेशी तयार झाल्या. हे प्रयोगशाळेत घडवून आणलेले बदल आहेत, शरीरात असे सर्रास घडत नाही, हे मान्यच आहे. पण पेशीची ओळख सतत टिकवून धरावी लागते, एवढे त्यांतून निश्चित होते.

राहिली चाचणी. स्वयंप्रतिकार रोगांशी (ज्यांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) जोडले गेलेले बहुतांश जनुकीय फरक प्रथिनांची माहिती असलेल्या भागात नसून नियमन करणाऱ्या भागांत सापडतात, आणि त्यांतील बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम अल्प असतो. २०१५ मध्ये २१० जुळ्या व्यक्तींमध्ये प्रतिकारयंत्रणेची २०४ मोजमापे तपासली गेली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश मोजमापांतील फरकांत आनुवंशिकतेपेक्षा इतर घटकांचा वाटा मोठा आढळला. सायटोमेगालोव्हायरस या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा संसर्ग एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच झाला असेल, तर समान जनुके असूनही दोघांत मोठा फरक पडत होता. बीसीजी लशीनंतर मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या हिस्टोनवरील रासायनिक खुणा बदलतात, हेही दिसून आले आहे; म्हणजे डीएनए तोच राहूनही त्याचे नियमन बदलते.

याचा अर्थ जनुके काहीच ठरवत नाहीत असा मुळीच नव्हे, आणि अमुक चूर्णाने जनुके ‘जागी’ होतात असे सांगणाऱ्यांना तर यातून काहीच आधार मिळत नाही. फॉक्स-पी-३ या एकाच जनुकातील बिघाडामुळे नियामक टी पेशी (प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी) निकामी होतात आणि अर्भकावस्थेतच तीव्र स्वयंप्रतिकार रोग जडतो. अशा बालकात, किंवा रॅगच्या दोषामुळे बी आणि टी पेशीच तयार न झालेल्या बालकात, जनुकीय चाचणी निर्णायक ठरते. कारण तेथे एका विशिष्ट आजाराचे कारण शोधायचे असते, प्रतिकारशक्तीला गुण द्यायचे नसतात.