आधी डबे उघडा, मग बाजारात जा

आज सावंतवाडीत सामान घ्यायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक जोडपं. मैद्याची पाकिटं, रवा, पिठीसाखर, तेलाच्या पिशव्या, सगळं ‘नाताळ ऑफर’मधलं. पैसे द्यायच्या वेळी नवऱ्याने घरी फोन लावला, "आई, वेलची आसा काय गो घरात?" मग बायकोला म्हणाला, "म्हायत नाय म्हणता. घे एक पाकीट."

माझं डोकंच फिरलं. पाकिटाचे पैसे त्यांचे, मान्य. पण मला माझ्या मावशीचा दोदोल आठवला, नाताळचा तो घोटून केलेला गोड पदार्थ.

वेंगुर्ल्याचं घर, नाताळची आदली संध्याकाळ. चुलीवर नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ चढलेलं, मावशी घोटतेय, आणि गूळ मिळेना! "आणलेलो आसा" असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता. कुठे ठेवलाय ते एकालाही माहीत नाही. दोदोल सोडून हलता येत नाही, क्षणभर हात थांबला की बुडाला लागतो. ती घोटत राहिली आणि आम्ही पोरं वाडीभर गूळ मागत फिरलो.

आपल्याकडे चार महिने पाऊस. दमट हवेत काय काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. रव्या-मैद्याला जाळी धरते, सुकं खोबरं खवट होतं. घरचे काजू मार्च ते मेमधले, म्हणजे नाताळपर्यंत सात ते नऊ महिने जुने. एकेक दाणा चावून बघा, खवट असेल तर सगळा केक वाया जाईल. बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर फेकून द्या. आणि कृपा करून सुकी मासळी केकच्या मनुकांशेजारी ठेवू नका. मागे एका घरी मनुकांची बरणी उघडली तर सुक्या बांगड्याचा वास! रममध्ये भिजवूनही तो गेला नाही.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार कशासाठी असतो? मेणबत्ती पेटवली की झालं? त्याच दिवशी दुपारी सगळे डबे ओट्यावर काढा. रिकामे धुऊन उन्हात उपडे घाला. काय उरलंय ते लिहा, आणि मगच यादी करा. नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, किती मैदा, कुलकुलांना किती, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. पण बाजारात जातो दुसराच. म्हणून जो पिशवी उचलणार त्यानेच डबे उघडायचे. आमच्याकडे पुरुष येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बांधतात, नक्षत्र म्हणजे चांदणीचा कंदील लावतात. तेही काम आहे, नाही म्हणत नाही. पण गोठ्याला चार दिवस मिळतात आणि फडताळाला एक दुपार मिळत नाही?

कोणी म्हणेल, आता सगळं तयार मिळतं, ऑर्डर द्या. नोकरी करणाऱ्यांनी जरूर द्यावी. पण दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाचं ताट आलं, ते परत करताना त्यात घरची नेवरी असावी असं मला वाटतं. तुम्हालाही वाटतं, मला माहीत आहे.

तो गूळ जानेवारीत सापडला. तांदळाच्या पिंपामागे, तिघांनी वेगवेगळ्या दिवशी आणलेला. पुडे पाघळून फळीला चिकटलेले, वर मुंग्या. सगळे हसले, मावशी हसली नाही. त्या रात्री मागून आणलेल्या गुळाचा दोदोल उतरायला इतका उशीर झाला की ती मध्यरात्रीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आलीच नाही. आम्ही परत आलो तेव्हा तशीच धुरकटलेल्या साडीत बाकावर झोपली होती. नवी साडी खुर्चीवर घडी करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी दोदोलाचं किती कौतुक केलं, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही की तू मिस्सेला का नव्हतीस.

आता हे लिहिताना राग उतरलाय, घसा मात्र दाटलाय. मावशीचे हात आता दुखतात, घोटणं आमच्याकडे आलंय.

तर भावांनो, वाचताय ना? या रविवारी मिस्सेनंतर मावशीकडे या. पिंप हलवायचंय, माळ्यावरची कढई काढायचीय, सिलिंडर भरलेला आहे का तेही बघायचंय. बाजारची यादी तिथेच बसून करू. आणि येताना कुणीही गूळ आणू नका.