दोन रकाने

प्रवेश मिळेल की नाही या काळजीत मी चार महिने काढले. मिळाला तो एकाच आठवड्यात दोन ठिकाणी, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. एक गावाकडचं छोटंसं कॉलेज, दुसरं शहरातलं अवाढव्य विद्यापीठ. कॉलेजचं पत्र टपालानं आलं. प्राचार्यांनी शाईच्या पेनानं सही करून खाली स्वतःच्या हातानं 'अवश्य या' असं लिहिलं होतं, आणि माझ्या नावात पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी दिली होती. विद्यापीठाकडून ईमेल आली. तिच्यात नावच नव्हतं, त्यामुळे वेलांटीचा प्रश्नच आला नाही. 'प्रिय अर्जदार क्रमांक 40712' अशी सुरुवात, आणि शेवटी 'या ईमेलला उत्तर देऊ नये' अशी तंबी.

मामानं निकाल लगेच दिला. "वासरांत लंगडी गाय शहाणी व्हायचं असेल तर जा गावाकडे!" मामाची म्हण तशी उडवून लावण्यासारखी नाही. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर या अभ्यासकांनी 1984 साली शाळांबद्दल असंच काहीसं मांडलं होतं: सारख्या कुवतीची दोन मुलं घ्या, हुशारांच्या गर्दीतलं स्वतःला कमी लेखतं, साधारण वर्गातलं स्वतःला बरं समजतं. त्यांनी गाईऐवजी लहान तळ्यातल्या मोठ्या माशाचा दाखला घेतला, एवढंच. हे सांगितल्यावर मामा म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो!" लंगड्या गाईला मात्र कुणी विचारत नाही. शहाणी म्हणणार असतील तर थोडं लंगडायची माझी तयारी होती.

बाबांचा भर आकड्यांवर. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'पंधरा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक' असं ठळक छापलेलं. "म्हणजे वर्गात पंधराच जणं!" बाबा खूश. मी त्याच माहितीपत्रकाच्या मागे हिशोब मांडला. समजा दोनच वर्ग आहेत, एकात 10 मुलं, दुसऱ्यात 190. संस्था सांगणार, सरासरी वर्ग 100 चा. पण मुलांना एकेक करून विचारत गेलं, तर 190 जण सांगणार '190' आणि दहाच जण सांगणार '10'. ही सरासरी निघते 181. स्कॉट फेल्ड आणि बर्नार्ड ग्रोफमन या अभ्यासकांनी हा घोळ 1977 मध्येच दाखवून दिला होता: वर्ग लहान-मोठे असले की मुलांच्या वाट्याला येणारी गर्दी छापील सरासरीपेक्षा जास्तच भरते. बाबांनी दोनदा गुणाकार तपासला आणि म्हणाले, "पण तू त्या दहांत बसशील की." बापाच्या मायेपुढे गणित हरतं.

शेवटी दोन्हीकडे जाऊन आले. विद्यापीठात फाटकाशीच नकाशा होता. त्यावर 'आपण येथे आहात' असा लाल ठिपका, तोही लोकांनी बोटं लावून लावून पुसट केलेला. माझा विभाग कुठे म्हणून तिघांना विचारलं. तिघेही पहिल्यांदाच आले होते आणि त्यातल्या एकानं उलट मलाच दोन प्रश्न विचारले. ग्रंथालय मात्र बघतच राहावं असं. हवं ते पुस्तक संगणकावर 'उपलब्ध', मांडणीत बेपत्ता. कॉलेजच्या ग्रंथालयात तेच पुस्तक विचारलं तर ग्रंथपाल म्हणाले, "एकच प्रत आहे आणि ती दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाकडे आहे. ऐंशीव्या पानापर्यंत आलाय. परीक्षेच्या आत संपवेल असं वाटत नाही." मला हे फार आवडलं. परतताना मनात आलं, उद्या माझ्या पानांचा हिशोबही असाच येणाऱ्या-जाणाऱ्याला मिळणार, आणि पोटात गोळा आला.

मग मी अठराव्या शतकातले अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांना शरण गेले. नवी नोकरी धरावी की नाही या पेचात पडलेल्या आपल्या शास्त्रज्ञ मित्राला, जोसेफ प्रीस्टलींना, त्यांनी 1772 साली पत्रातून एक रीत कळवली होती. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. एका रकान्यात अनुकूल, दुसऱ्यात प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल ते टिपत जायचं, मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे. नेमकं काय करावं हे सांगायचं मात्र त्यांनी साफ टाळलं. असा एक तरी माणूस आमच्या घरी असता तर!

मी रेघ ओढली. कॉलेज, अनुकूल: 'सगळे ओळखतात.' छान. रात्री झोपताना आठवलं, सगळे ओळखतात! उठून तेच प्रतिकूलमध्ये लिहिलं. विद्यापीठ, अनुकूल: 'कुणी ओळखत नाही.' सकाळी तरतरीत असताना हे स्वातंत्र्य वाटायचं, संध्याकाळी ताप आल्यासारखं वाटलं की तेच वाक्य आपोआप पलीकडे सरकायचं. विषयांची निवड भरपूर, म्हणजे आणखी निवडत बसा. विषय मोजकेच, म्हणजे नावडता आला की सुटका नाही. चौथ्या दिवशी दोन्ही रकाने अक्षरन् अक्षर सारखे झाले. फ्रँकलिनच्या नियमानं सगळंच खोडलं गेलं आणि रेघ तेवढी उरली. आईनं तो कागद उचलून पाहिला आणि म्हणाली, "अगं, सरळ रेघ तरी मारायचीस."

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी फोन आला. कॉलेजच्या ऑफिसातले क्लार्क होते. "ताई, हजेरीपटावर तुमचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. शाईनं करू का? पट आज शिवायचाय."

रकान्यांत पेन्सिलीचा मुद्दा कुठेच नव्हता. विद्यापीठात माझं नाव कुणी कशानंच लिहिलं नसणार, हे डोक्यात येईपर्यंत तोंडातून "करा" निघून गेलं होतं. फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं. मामा म्हणाला, "मी म्हटलंच होतं," आणि नक्की काय म्हटलं होतं हे विचारायचं मी सोडून दिलं.

पहिल्या दिवशी वर्गात अकरा जण होते, बारावी मी. तास सुटल्यावर टेबलावरच्या पटात डोकावले. माझं नाव ठसठशीत अक्षरात, काळ्या शाईत, दुसऱ्या वेलांटीसकट होतं. खोडरबर आहे का म्हणून ऑफिसात विचारायला गेले. क्लार्क म्हणाले, "तरी मी फोन करून विचारलं होतं, ताई."