स्पंज दोरीवर वाळत घालायचा नसतो

परवा रात्री नांदेडहून भाच्याचा फोटो आला. गच्चीवरच्या दोरीला दोन चिमटे आणि त्यांना लटकलेला फिश टँकच्या फिल्टरचा स्पंज. पांढराशुभ्र, नवाकोरा वाटावा असा. खाली ओळ: "मामा, शिफ्टिंगची तयारी सुरू." मी कपाळाला हात लावला. दिवाळीत हाच स्पंज मी हातात घेतला होता तेव्हा तो तपकिरी, बुळबुळीत होता आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास होता. तसाच असायला हवा होता तो.

पोराची लातूरला बदली झालीये. "फिश टँक हलवताय? हे 7 नियम पाळा, एकही मासा दगावणार नाही" असा मेसेज ताईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, ताईनं तो लेकाला पाठवला आणि लेकानं सगळ्यात आधी तिसरा नियम पाळला: "फिल्टर गरम पाण्याने व साबणाने घासून कडक उन्हात वाळवा, म्हणजे नवीन घरी जंतू जाणार नाहीत."

अहो, ते जंतूच तर न्यायचे असतात! मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो साठला तर त्याच्याच कल्ल्यांची आग होते. टाकीतले एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि मग मासा निवांत जगतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर थर धरून बसतात. मी मनचं सांगत नाही. 1998 साली 'अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायोलॉजी' या नियतकालिकात टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. गोड्या पाण्याच्या टाक्यांतल्या अशाच थरांची तपासणी करून त्यांनी दाखवलं की नायट्राइट संपवायचं काम नायट्रोस्पायराच्या जातकुळीतले जिवाणू करतात. तोवर त्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून घासतो, तो थर म्हणजेच खरा फिल्टर. स्पंज नुसता त्यांचा वाडा.

आणि त्या वाड्यावर काय चालवलं? साबण, गरम पाणी आणि मराठवाड्याचं ऊन. एकानंही भागलं असतं. आता ही वस्ती पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय लातुरात बोअरचं पाणी जड, आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, चढा. पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यात हे चार गोल्डफिश, खादाड आणि तितकेच घाण करणारे. पहिल्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले असते आणि ताई म्हणाली असती, "लातूरचं पाणी मानवलं नाही बघ."

स्पंज धुवायचाच तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बास. नळाखाली नाही, क्लोरीन असतं. मग पिशवीत थोडं पाणी, वर भरपूर हवा, आणि ओलाच न्यायचा. फिल्टरच्या बंद डब्यात तासन् तास ठेवला तर आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू तसेही जातात.

पहिला नियम तर विनोदच आहे: टाकी अर्धी भरलेली ठेवून माशांसकट टेम्पोत चढवा, म्हणजे मासे घाबरत नाहीत. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं. अर्धं म्हटलं तरी 28 किलो, वर खडी, वर काच. सगळं तोललेलं सिलिकॉनच्या सांध्यांवर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत टेम्पो येणार, प्रत्येक गतिरोधकाला ते पाणी काचेवर आदळणार. मासे घाबरणार नाहीत म्हणे! टाकी रिकामी करूनच उचलायची, खाली थर्माकोलची शीट. मासे पिशवीत: एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. दुकानदार ऑक्सिजन भरून देत असेल तर उत्तम. पिशव्या थर्माकोलच्या डब्यात आणि निघायचं पहाटे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात.

"प्रवासाआधी पोटभर खाऊ घाला." उलट, आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा. पिशवीतली घाण तेवढीच कमी. "चिमूटभर हळद टाका." ती वरणात घाला. "जारचं शुद्ध पाणी भरा." आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच टिकत नाही. नळाचं पाणी आणि अँटीक्लोरीनचे थेंब, एवढं पुरतं.

"जुनं पाणी फेकू नका" यात मात्र तथ्य आहे, मान्य करतो. कारण चुकीचं दिलंय, म्हणे त्यात चांगले जिवाणू असतात; ते पाण्यात नगण्य असतात. पण ओळखीचं पाणी असलं की माशाला एकदम धक्का बसत नाही. आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात मी कोणाला पाणी ओता म्हणणार? दोन कॅन भरून आणा.

सातवा नियम: "मासे नेणे जमत नसेल तर विहिरीत किंवा तळ्यात सोडा, पुण्य लागते." हे वाचून हसू आलं नाही. टाकीची काच चाटणारा तो काळा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडच्या नद्या-तलावांत तो असाच सोडून सोडून पसरलाय. काठ पोखरतो, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो, आणि तोटा मासेमाराचा. नको असेल तर दुकानदाराला परत द्या, शेजारच्या पोराला द्या.

भाच्याला फोन केला. "मामा, मी तर धुतला की! आता?" आता माझ्या टाकीतल्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून ठेवलाय, तो त्याच्या फिल्टरमध्ये जाईल. पहिले काही दिवस चिमूटभरच खाणं आणि रोज पाव टाकी पाणी बदल. खडी न धुता, ओली, बादलीत भरून आणायची हे त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ताईला सांगितलं, कारण सामान बांधताना ती बादली तिच्याच हाती लागणार.